चावी देण्यापूर्वी लायसन्स पाहा



उधारीवर माल देताना आपण समोरच्या पार्टीची किती चौकशी करतो! दलालाला विचारतो, जुना हिशेब काढतो, जी.एस.टी. नंबर तपासतो आणि मगच तागे दुकानाबाहेर जातात. परंतु दुकानातल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची चावी देताना आपण काय विचारतो? "गाडी येते का रे?" तो म्हणतो, "येते, सेठ." झाली चौकशी. गाडी चालवता येणे वेगळे आणि गाडी चालवण्याचा हक्क असणे वेगळे. हा फरक आम्हाला महाग पडून कळला. तसा तो आपणास कळू नये म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमची चूक

ही गोष्ट २००९ सालची. आमच्या दुकानात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. प्रामाणिक, वसुलीत एक रुपया इकडचा तिकडे न करणारा. मालेगावात आग्रा रोडवरच्या एका पार्टीकडे चार तागे पोहोचवायचे होते. आम्ही त्याला लायसन्स विचारले नाही असे नाही. विचारले. तो म्हणाला, "लर्निंग आहे, सेठ." आम्ही कागद हातात घेऊन पाहिला नाही. त्या लर्निंगची मुदत संपून तीन महिने झाले होते.

मोसम पुलाच्या अलीकडे त्याची गाडी एका सायकलवाल्यावर गेली. सायकलवाला गरीब माणूस होता, त्याचा पाय मोडला. आमचा मुलगा बचावला, अल्लाहची मेहरबानी. गाडीचा विमा चालू होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण दाव्यात विमा कंपनीने पहिला प्रश्न लायसन्सचा केला. शेवटी निकाल असा लागला की, कंपनीने जखमी माणसाला भरपाई द्यावी आणि ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून, म्हणजे आमच्याकडून, वसूल करावी. त्या वर्षी ईदच्या हंगामाला जो माल भरायचा होता, त्याचे पैसे तिकडे गेले.

पैशाचे दुःख राहिले नाही. त्या माणसाला मिळाले ते त्याचा हक्कच होता. परंतु ज्या मुलाचे आईवडील आमच्या भरवशावर त्याला दुकानात पाठवत होते, त्याला कोर्टाच्या ओट्यावर बसवण्याची वेळ आमच्या निष्काळजीपणाने आली, हे मनातून जात नाही. नोकर ही आपल्याकडे त्याच्या घरच्यांची अमानत असते.

कायदा मालकाला काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड पुष्कळ वाढले. आपल्या कामाची कलमे थोडीच आहेत, ती ध्यानात ठेवावीत.

कलम ३ म्हणते की, चालू मुदतीच्या लायसन्सशिवाय कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये. कलम ४ वयाचे आहे. वय १८ पूर्ण हवे. ५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकलीला १६ वर्षांची सवलत आहे. पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटी ५० सी.सी. पेक्षा मोठ्या असतात. म्हणून व्यवहारात १८ हेच वय धरून चालावे.

कलम ५ आपले आहे. लायसन्स नसलेल्या किंवा कमी वयाच्या माणसाला मालकाने वाहन चालवू देऊ नये, असे ते सांगते. हे मोडल्यास कलम १८० प्रमाणे मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चालवणाऱ्याला कलम १८१ प्रमाणे तेवढीच शिक्षा वेगळी. म्हणजे एकाच फेरीत दोन गुन्हे होतात, एक मुलाचा आणि एक आपला.

चालवणारा १८ वर्षांखालील असेल तर कलम १९९-अ लागते. त्यात पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळा वर्षांच्या भाच्याला "जरा बँकेत जाऊन ये" म्हणून चावी देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

विम्याचा खरा अर्थ

पुष्कळ व्यापारी समजतात की, हप्ता भरला म्हणजे जबाबदारी संपली. तसे नाही. स्वर्णसिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जो निकाल दिला, तो प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. त्याचा सारांश असा:

रस्त्यावरच्या जखमी माणसाचा हक्क प्रथम. चालकाकडे लायसन्स नव्हते एवढे म्हणून विमा कंपनी सुटत नाही. लायसन्सच्या बाबतीत मालकाने हयगय केली, हे तिला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तर कंपनीला आधी भरपाई देऊन मग मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम होऊ शकतो. लायसन्स खोटे निघाले, परंतु मालकाने वाजवी काळजी घेतली होती, तर केवळ खोट्या लायसन्समुळे मालक दोषी ठरत नाही.

यातली सारी मेख "वाजवी काळजी" या दोन शब्दांत आहे. आपण लायसन्स पाहिले होते, हे आपणास दाखवता आले पाहिजे. आम्हाला ते दाखवता आले नाही.

आणखी दोन गोष्टी. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात कव्हर असते. मालकाकडे स्वतःचे चालू लायसन्स नसेल तर हे कव्हर मिळत नाही. गाडी भागीदारी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तरीही मिळत नाही. तेव्हा दुकानाची गाडी कोणाच्या नावावर आहे, हे आर.सी. बुक काढून पाहा. दुसरे असे की, कामावर असताना नोकर जखमी झाला तर कायद्याने मालकावर वेगळी जबाबदारी येऊ शकते. त्यासाठी कोणते जादा कव्हर घेता येईल, ते विमा एजंटला जरूर विचारावे.

पहिली पायरी: नाव जुळवा

आता लायसन्स कसे काढावे ते पाहू. आपल्या मुलांची पहिली अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर "मोहम्मद", आधारवर "मो.", बँकेत "मोहंमद". कुठे शेख आधी, कुठे शेवटी. कुठे अन्सारी आहे, कुठे गाळले आहे. आधारच्या आधारे अर्ज केला की नाव, जन्मतारीख आणि फोटो तिथूनच उचलले जातात. आधारमधली चूक लायसन्समध्ये उतरते आणि पुढे विम्याच्या दाव्यात तीच चूक आडवी येते. म्हणून आधी आधार दुरुस्त करावे. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असावा, कारण त्यावरच ओ.टी.पी. येतो.

दुसरी पायरी: लर्निंग लायसन्स

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर, सारथी विभागात करायचा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. प्रकृती ठीक असल्याचे स्वतःचे निवेदन नमुना १ मध्ये द्यायचे. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचे प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागते.

अर्जात वाहनाचा प्रकार निवडावा लागतो. गिअर नसलेली आणि गिअरची, असे दोन प्रकार आहेत. पुष्कळ मुले स्कूटीवर शिकतात म्हणून गिअर नसलेला प्रकार निवडतात आणि नंतर दुकानाची गिअरची गाडी चालवतात. ते चालत नाही. दुकानाच्या कामाला गिअरचा प्रकारच घ्यावा. तसेच फक्त मोटारकारचे लायसन्स असेल तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही.

केंद्रीय नियमांतील मूळ फी फार नाही. लर्निंगसाठी प्रत्येक प्रकारच्या वाहनाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. पुढे पक्क्या लायसन्सच्या वेळी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. यावर राज्याची आणि कार्डाची थोडी रक्कम येते. पावतीवर जी रक्कम असेल तीच खरी, बाकी सर्व दलाली.

परीक्षेत वाहतुकीच्या नियमांवर १५ प्रश्न असतात, त्यांपैकी ९ बरोबर यावे लागतात. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारवर अर्ज करणाऱ्यांना ही परीक्षा घरबसल्याही देता येते. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरबसल्या परीक्षेत मुलगा बाजूला उभा आणि दुकानदार उत्तरे दाबतो, असे प्रकार चालतात. ही खोटी साक्षच आहे. असे लायसन्स खिशात असते, पण नियम डोक्यात नसतो. चौकात कागद कामाला येत नाही, डोके येते.

उर्दू शाळेतल्या मुलांसाठी

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. मराठी बाजारात शिकलो, म्हणून परीक्षेतले छापील शब्द पाहून मुलगा का गोंधळतो हे आम्हाला ठाऊक आहे. त्याला नियम माहीत असतो, शब्द अडवतो. आमच्या दुकानात आम्ही खालील शब्द एका पुठ्ठ्यावर लिहून लावले आहेत. आपणही लावावेत.

डावीकडे म्हणजे बाएँ. उजवीकडे म्हणजे दाहिने.
अनिवार्य म्हणजे लाज़मी.
मनाई किंवा प्रतिबंध म्हणजे मुमानिअत.
पादचारी म्हणजे पैदल चलने वाला.
एकेरी मार्ग म्हणजे एकतर्फ़ा रास्ता.
वळण म्हणजे मोड़. चढ म्हणजे चढ़ाई, उतार म्हणजे ढलान.
वेगमर्यादा म्हणजे रफ़्तार की हद.
रुग्णवाहिका म्हणजे अँब्युलन्स.
दुभाजक म्हणजे डिव्हायडर.

चिन्हांचे तर आकारावरून समजते. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे बहुधा मनाई किंवा मर्यादा. निळे वर्तुळ म्हणजे तसे करणे लाज़मी. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे सावध. निळा चौकोन म्हणजे माहिती, जसे दवाखाना किंवा पेट्रोल पंप. दोन चिन्हे मुद्दाम वेगळ्या आकाराची केली आहेत. आठ कोनांचे लाल म्हणजे थांबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला रस्ता द्या. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. एवढे पाठ झाले की निम्मा पेपर सुटला.

तिसरी पायरी: शिकण्याचा महिना

लर्निंग सहा महिने चालते. ते हातात आल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. या महिन्यात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल "एल" अक्षर असलेली पाटी लावावी लागते. पाटी कमीत कमी १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीची हवी. शिकवणारा लायसन्सधारक सोबत हवा. शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही.

इथे व्यापाऱ्याचा मोह होतो. लर्निंग आले की त्याला बिल देऊन पाठवा, तागे देऊन पाठवा. वर सांगितलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, मुदतीतले लर्निंग हेही लायसन्सच आहे आणि तेवढ्यावरून विमा कंपनी हात झटकू शकत नाही. परंतु म्हणून एकट्या मुलाला माल लादून पाठवणे नियमात बसत नाही. लर्निंगचा महिना शिकण्याचा आहे, वसुलीचा नाही. त्या महिन्यात आपला जुना माणूस त्याच्या मागे बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून घ्या.

चौथी पायरी: चाचणी

चाचणीला आपली गाडी आपणच न्यायची असते. ज्या प्रकारचे लायसन्स हवे त्याच प्रकारची गाडी न्यावी. आर.सी. बुक, विमा आणि पी.यू.सी. सोबत ठेवावे. डोक्यावर हेल्मेट हवेच. बहुतेक ठिकाणी आठच्या आकड्यात पाय न टेकता गाडी फिरवायला सांगतात. त्याची युक्ती एवढीच की, गाडी हळू ठेवावी, मागचा ब्रेक हलका दाबावा आणि नजर पुढच्या चाकावर नव्हे, तर जिथे वळायचे तिथे ठेवावी. याशिवाय हाताचे इशारे, गिअर बदलणे, वळताना आरशात पाहणे आणि सांगितल्यावर पटकन थांबणे हे पाहिले जाते.

नापास झाला तर घाबरू नये, सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाला तर मात्र ६० दिवस थांबावे लागते.

मालेगावात शुक्रवारी कारखाने बंद असतात, सरकारी कार्यालये मात्र चालू असतात. चाचणीची तारीख शुक्रवारची आणि वेळ सकाळची घ्यावी. म्हणजे मुलाची मजुरी बुडत नाही आणि जुम्म्याची नमाजही चुकत नाही. शनिवारवर मात्र विसंबू नये. २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे.

दलालाविषयी

फॉर्म भरून देण्याची मजुरी घेणारा माणूस वेगळा आणि "चाचणीला न जाता लायसन्स आणून देतो" म्हणणारा वेगळा. पहिल्याची मजुरी हलाल आहे. दुसऱ्याला दिलेला पैसा रिश्वत आहे. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्ह्यात. आपण कापडात एक मीटर कमी मोजला तर ती चोरी म्हणतो. मग न घेतलेल्या चाचणीचा कागद विकत घेणे, याला दुसरे काय म्हणायचे? त्या कापडाने फार तर एका गिऱ्हाईकाचे नुकसान होईल, या कागदाने एखाद्याचा जीव जाईल.

दुकानात काय करावे?

आता आमच्या दुकानात जो रिवाज आहे तो सांगतो. वहीत एक पान लायसन्सचे केले आहे. जो कोणी दुकानाची गाडी चालवेल, त्याचे नाव, लायसन्स नंबर, वाहनाचा प्रकार, मुदत आणि आम्ही ते पाहिल्याची तारीख त्यात लिहितो. सोबत झेरॉक्स. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून ते खरे आहे की नाही हे पाहतो आणि त्याची छापील प्रत त्याच पानाला टाचतो. पाच मिनिटांचे काम आहे. "वाजवी काळजी" घेतल्याचा हाच पुरावा.

उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मुलांकडे तिकडचे लायसन्स असते. ते खरे आणि मुदतीत असेल तर भारतभर चालते. फक्त वरीलप्रमाणे तपासून घ्यावे. लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असेल तर तेही ग्राह्य आहे.

वहीच्या त्या पानावर पहिले नाव आमचे स्वतःचे आहे. आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेले लायसन्स वयाच्या ४० पर्यंत चालते. ३० ते ५० मध्ये काढले तर दहा वर्षे, ५० ते ५५ मध्ये काढले तर ६० पर्यंत आणि ५५ नंतर पाच पाच वर्षे. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालत असे, ती सवलत आता नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते. संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुलांना उपदेश करणाऱ्या सेठचेच लायसन्स मेलेले असावे, हे बरे नाही.

हेल्मेट गाडीबरोबरच ठेवावे, आय.एस.आय. खुणेचे. कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते लागते. हेल्मेट नसेल किंवा गाडीवर तिघे असतील, तर कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे. आणि तागे टाकीवर रचून हँडल अडेल अशी गाडी कधीही पाठवू नये. दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

शेवटी

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. गाडीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे लायसन्स, विमा आणि हेल्मेट. लायसन्सचा खर्च हजाराच्या आसपास, वेळ महिना-दीड महिना. ज्या मुलाकडे लायसन्स नाही त्याला कामावरून काढू नका. त्याची फी आपण भरा, एक शुक्रवार त्याच्यासोबत जा. लायसन्स त्याच्या नावाचे असते. उद्या तो आपले दुकान सोडून गेला तरी ते त्याच्या पोटापाण्याला कामी येईल आणि आपणास सवाब मिळेल.

आमच्या त्या मुलाचे पुढे पक्के लायसन्स झाले. आज त्याचे स्वतःचे छोटे दुकान आहे. परवा त्याच्याकडे गेलो होतो. एक नवा पोरगा चावी मागत होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "आधी कार्ड दाखव." आम्ही काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना रस्त्यावर सलामत ठेवो. आमीन.